दौंड, बिनतारी आणि आपलं इंटरनेट

दौंड म्हटलं की काय आठवतं? जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे ते, आणि तोवर फलाटावरचा चहा. पण मंडळी, भारतातल्या इंटरनेटची वंशावळ मागे मागे शोधत गेलं, तर ती चक्क दौंडला पोचते!

१८७० पासून मुंबईहून विलायतेला तार जायची ती समुद्राखालच्या केबलने. मग १९२७ साली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने भारत-इंग्लंड बिनतारी सेवा सुरू केली. लघुलहरी चहूकडे उधळण्याऐवजी टॉर्चच्या झोतासारख्या एकाच दिशेला सोडायच्या. त्यामुळे वीज कमी लागे आणि दरही केबलपेक्षा स्वस्त. इंग्लंडला संदेश पाठवणारं केंद्र होतं खडकीला, आणि तिकडून आलेले झेलणारं दौंडला.

दोन केंद्रं इतकी लांब का? शेजारी कुणी ढोल बडवत असेल तर कानातली कुजबुज ऐकू येईल का? तसंच हे. हजारो मैलांवरून आलेला क्षीण संदेश ऐकायचा, तर आपलाच दणदणीत प्रक्षेपक दूर हवा. म्हणजे खडकी हे तोंड आणि दौंड हा कान!

बीमच्या स्वस्ताईने केबलवाले इतके हैराण झाले की अखेर दोघांना एकत्र यावं लागलं. आपल्याकडे १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १ जानेवारी १९४७ ला ती सरकारने घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस जन्माला आली. तिचं १९७१ चं उपग्रह भूकेंद्र आर्वीला, जुन्नर तालुक्यात, म्हणजे आजच्या शिरूर लोकसभा मतदारसंघात. लघुलहरींवरचे परदेशी फोन हवेच्या लहरीवर अवलंबून असत, उपग्रहाने ती कटकट मिटवली. १९८६ साली याच खात्याचं व्हीएसएनएल झालं. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच व्हीएसएनएलने.

खुद्द दौंडकरांना यातून काय मिळालं? संदेश उतरायचे दौंडला, पण ते असायचे मुंबईच्या पेढ्यांचे आणि सरकारचे. आर्वीवरून परदेशी फोन जात होते, तेव्हा आसपासच्या गावांत ट्रंक कॉल लागायला तासन् तास लागत. जग दारावरून गेलं, घरात यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. म्हणून मला वाटतं, तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्र कधी आलं एवढंच मोजू नये, ते कुणाच्या हातात कधी आलं हेही मोजावं.

असो. आज शिरूरच्या बाजारातला कांदेवाला मोबाईलवर लासलगावचा भाव बघतो. माझ्या लेखी हा टप्पा १९२७ पेक्षा मोठा. पण पहिला मान दौंडचाच. तिकडच्या कुणाच्या घरी आजोबांचा बिनतारी केंद्रातला फोटो किंवा जुनं ओळखपत्र असेल, तर रद्दीत टाकू नका. आणि मला जरूर दाखवा!