हलत्या डेकवरचा नेमका बिंदू

विमानवाहू नौकेवर उतरणारे विमान पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहे, याला फारसे महत्त्व नसते. डेकवरचा ठरलेला बिंदू या क्षणी त्याच्यापासून किती दूर आणि किती खाली आहे, हे कळले पाहिजे. अमेरिकी नौदलाची ‘जेपॅल्स’ ही उपग्रहाधारित अवतरण प्रणाली याच सापेक्ष अंतरावर उभी आहे.

विमान साधारण साडेतीन अंशांच्या उताराने खाली येते. उंचीत 1 मीटरची चूक झाली, तर टेकण्याची जागा सुमारे 16 मीटर सरकते. विमानाचा हूक अडकवणाऱ्या तारांमध्ये अंतर असते साधारण 12 मीटर. मीटरभर चुकले की अख्खी तार हुकते, आणि साध्या जीपीएसची उंची सहज त्याहून जास्त चुकते.

यावरचा उपाय वजाबाकीचा. उपग्रहाच्या घड्याळातली चूक आणि आयनांबरात संदेशाला होणारा उशीर, हे दोन्ही नौकेवरच्या आणि विमानातल्या रिसीव्हरला जवळजवळ सारखेच भोवतात. नौका आपली मोजमापे सांकेतिक रेडिओसंदेशाने विमानाला कळवते. वजाबाकी केली की सामाईक चुका गळून पडतात. पुढची बारीक मोजणी सुमारे 19 सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीवर होते. लहरीचा अंश नेमका मोजता येतो, पण मधल्या पूर्ण लहरी किती, हे गणिताने शोधावे लागते. तो आकडा चुकला, तर उत्तर दिसते काटेकोर आणि असते खोटे. त्यामुळे अचूकता गाठण्यापेक्षा स्वतःची चूक वेळीच ओळखणे, हे मला या प्रणालीचे अधिक अवघड काम वाटते.

शिवाय नौका डोलते. अँटेनापासून 100 मीटरवरचा बिंदू एका अंशाच्या झुकावाने पावणेदोन मीटर वर-खाली होतो, म्हणून जडत्वीय संवेदकांची जोड लागते. उपग्रहांचा क्षीण संदेश शत्रूला जॅमही करता येतो. डेकवरचे दिवे आणि रडार म्हणूनच टिकून आहेत.

10 जुलै 2013 रोजी ‘एक्स-47बी’ हे वैमानिकरहित विमान याच तत्त्वावर ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ या नौकेवर दोनदा उतरले. तिसऱ्या खेपेला त्याच्या तीन दिशादर्शन संगणकांपैकी एक बिघडला. विमानाने ते स्वतःच ओळखले, आणि नौकेवर न उतरता ते किनाऱ्यावरच्या वॉलप्स बेटाच्या धावपट्टीकडे वळले.