स्वेच्छेने सोडलेले काम आणि बेकारी भत्ता : ब्रिटनमधील एक तरतूद

ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी आदी निवडक उद्योगांतील बेकार कामगारांना आठवड्यास ७ शिलिंग भत्ता देऊ केला. मात्र न्याय्य कारणाशिवाय स्वेच्छेने काम सोडणारा ६ आठवडे अपात्र ठरे. वास्तविक विम्याचा हप्ता त्याच्याही वेतनातून कापला जाई. व्यसनापायी काम गमावलेल्यानेही हप्ते भरले असल्यास त्यास भत्ता मिळावा, असे विन्स्टन चर्चिल यांनी १९०९ च्या टिपणात सुचविले होते. ते मान्य झाले नाही. 'न्याय्य कारणा'ची व्याख्या कायद्यात नव्हती, आणि पुढील निर्णयांनी ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली. ताण असह्य होऊन काम सोडणाऱ्याची खरी कोंडी येथेच होती. अपात्रतेची कमाल मुदत १९८६ मध्ये १३, तर १९८८ मध्ये २६ आठवड्यांवर गेली.