स्त्रीमताधिकार व धर्म, मध्य प्रांत-वऱ्हाड
वणी (यवतमाळ जिल्हा) ज्यात मोडे त्या प्रांतात स्त्रियांच्या मतदानहक्काचा धर्मनिहाय प्रतिनिधित्वाशी आलेला संबंध.

१९१९ च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांच्या मतदानहक्काचा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला. मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये व मध्य प्रांताने १९२७ मध्ये लिंगाची अट काढली, तरी सारा व मिळकत यांच्या अटी कायम राहिल्याने मतदार स्त्रिया थोड्याच होत्या. १९२७ मध्येच पुण्यात प्रथम भरलेली अखिल भारतीय महिला परिषद (पहा) धर्मनिहाय विभक्त मतदारसंघांच्या विरोधात होती. १९३२ च्या जातीय निवाड्याने (पहा) मात्र स्त्रियांच्या जागाही धर्मवार वाटल्या : १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई विधानसभेतील स्त्रियांच्या ६ जागांपैकी १ मुस्लिम होती; मध्य प्रांत-वऱ्हाडच्या तिन्ही सर्वसाधारण होत्या. मालमत्ताधारक पतीच्या पात्रतेवर पत्नीस मत मिळण्याची तरतूदही या कायद्यात होती. निवाड्याच्या निषेधार्थ वणीचे माधव श्रीहरी अणे (पहा) यांनी १९३४ मध्ये मदनमोहन मालवीयांसह काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापिला. त्यांचा भर हिंदूंच्या प्रतिनिधित्वावर, तर परिषदेचा संयुक्त मतदारसंघांवर असल्याने या दोन विरोधांची गल्लत करणे युक्त नव्हे.

संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात वा लिंग न पाहता प्रत्येक मतदारसंघास एकच सर्वसाधारण मतदारयादी ठरविली.