लाल डगल्याचा रंग

इतिहासाच्या ग्रंथांत 'लाल डगलेवाले' हा शब्द इतक्या वेळां येतो कीं, जुना इंग्रज शिपाई म्हटला म्हणजे त्याच्या अंगावर भडक तांबडा कोट असावयाचाच, अशी वाचकांच्या मनाची खात्री होऊन बसते. ही समजूत अगदींच खोटी आहे असें नाहीं. परंतु जुन्या लढायांचे देखावे हुबेहूब उभे करण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनीं या एका शब्दावर विसंबून बाजारांतून लाल कापड आणिलें, तर त्यांची फसगत ठरलेलीच. एका 'लाल' या नांवाखालीं किती किंमती, किती हुद्दे आणि किती उन्हाळे-पावसाळे दडलेले असतात, याचा थोडा विचार येथें करावा, असें आम्ही योजिलें आहे.

इंग्लंडांत ही हौस मोठी आहे. तेथील सतराव्या शतकांतील यादवी युद्धाचे देखावे करणारी 'सील्ड नॉट' नांवाची संस्था १९६८ सालीं स्थापन झाली. त्याच यादवींत, १६४५ सालीं, पार्लमेंटनें नवी फौज उभारिली व तिला सरसकट लाल डगले दिले. पलटणींची ओळख पटे ती डगल्याच्या अस्तराच्या निरनिराळ्या रंगांवरून. लालच रंग कां, असें विचारलें तर 'रक्ताचे डाग दिसूं नयेत म्हणून' हें उत्तर पुष्कळांच्या तोंडीं तयार असतें. पण वाळलेलें रक्त काळसर पडतें व तें लाल लोकरीवरहि दिसतें. या निवडीचें मोठें कारण स्वस्ताई हें होतें.

हा स्वस्त लाल रंग एका वनस्पतीच्या मुळांपासून निघे. आपल्या मंजिष्ठेचीच ती युरोपीय बहीण होय. तुरटीचा हात दिलेल्या लोकरीवर तिचा रंग विटेसारखा, किंचित् तपकिरी झांक असलेला बसतो. साध्या शिपायाचा डगला या रंगाचा. त्याच्या अधिकाऱ्याचा डगला मात्र निराळा. मेक्सिकोंतील निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांना वाळवून त्यांची पूड करीत. एका पौंड मालास सुमारें ७०,००० किडे लागत. या पुडीनें तुरटीवर किरमिजी रंग येतो. पण सतराव्या शतकाच्या आरंभीं ड्रेबेल या लंडनवासी डच गृहस्थास कथिलाचा उपयोग सांपडला आणि त्याच किड्यांतून ज्वालेसारखा लखलखीत लाल निघूं लागला. हा महाग रंग अधिकाऱ्यांचा. सार्जंटाचें कापड शिपायाहून सरस आणि अधिकाऱ्याहून उणें. म्हणजे एकाच पलटणींत तीन लाल एकाशेजारीं एक उभे असत, आणि दुरून पाहणारासहि माणसाचा हुद्दा रंगावरून कळे.

आपल्या भाषेनें या गोष्टीची आठवण चांगली जपून ठेविली आहे. किरमिजी हा शब्द किड्याच्या फारशी नांवावरून आला, लाखी हा लाखेवरून. इंग्रजींतील 'क्रिम्झन' हा किरमिजीचाच भाऊबंद. 'सकलाद' हा आपल्या जुन्या कागदपत्रांतील शब्द आणि इंग्रजींतील 'स्कार्लेट' यांचेंहि कुळ एक मानितात, व स्कार्लेट हें मुळांत रंगाचें नव्हे, तर एका उंची कापडाचें नांव होतें. पूर्वींच्या लोकांना रंग, कापड आणि किंमत यांची फारकत ठाऊकच नव्हती.

त्या किंमतीचा भार कोणावर पडे, हें पाहिलें म्हणजे विषयाचें मर्म ध्यानांत येतें. अठराव्या शतकांत कपड्यांसाठीं शिपायाच्या पगारांतूनच रक्कम कापून घेत. त्या रकमेंतून कर्नल कंत्राटदाराकडून डगले शिववून घेई, आणि जें उरे तें बहुधा कर्नलाच्या खिशांत जाई. कापड जितकें हलकें आणि रंग जितका स्वस्त, तितका त्याचा नफा अधिक. तो विटकरी डगला हें शिपायाच्या गरिबीचें चिन्ह होतें. आजच्या देखाव्यांत सर्वांना एकच लखलखीत लाल चढविला, तर शिपाई शोभिवंत दिसतो खरा, पण त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आपण आपल्या हातांनीं पुसून टाकतों.

मग खरा रंग निवडावा कसा? पहिल्यानें वर्ष पाहावें. पर्किननें पहिला यशस्वी कृत्रिम रंग १८५६ सालीं काढिला, आणि मंजिष्ठेंतील मुख्य रंगद्रव्य ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८६८ सालीं प्रयोगशाळेंत तयार केलें. थोड्याच वर्षांत हॉलंड व फ्रान्स येथील तिची शेती बसली. परंतु मुळांत एकापेक्षां अधिक रंगद्रव्यें असतात, आणि कारखान्यांत तयार होतें तें एकच. म्हणून नव्या कापडाची छटा जुन्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. दुसरें, हुद्दा पाहावा. चित्रांवर फार भिस्त ठेवूं नये, कारण चित्र काढून घेण्यास पैसा लागे आणि तो अधिकाऱ्यांपाशींच असे. कंत्राटांचे व जमाखर्चाचे कागद अधिक खरें बोलतात. तिसरें, महिना पाहावा. नवा डगला वर्षांतून एकदां मिळे. मोहिमेच्या अखेरीस तोच उन्हानें उडालेला व ठिगळें लावलेला असे. जुना डगला संग्रहालयांत पाहावयास मिळाला, तर त्याची पाठ न पाहतां शिवणीची आंतली बाजू पाहावी. तेथें ऊन पोंचलेलें नसतें. आणि नमुना निवडावा तो दिवसाच्या उजेडांत. विजेच्या दिव्याखालीं लाल रंग फसवितो.

हा प्रश्न केवळ परक्यांचा नव्हे. कंपनी सरकारच्या मुंबई पलटणींतील मराठी शिपायांच्या अंगावरहि लाल डगलाच होता. त्यांचें चित्र रंगविणारानें वरील विचार अवश्य करावा. शिवकालाच्या बाबतींत तर आणखी सावध राहिलें पाहिजे. मावळ्यांना एकरंगी गणवेश नव्हता; शिलेदार आपला घोडा व आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई, व अंगावर आपलेंच पागोटें-अंगरखा घाली. मिरवणुकींत आणि रंगभूमीवर शेंपन्नास मावळे एकाच ताग्यांतून कापलेले दिसतात, तेव्हां डोळ्यांस तें गोड वाटतें. पण त्या गर्दींतून एकेका घरचा, एकेका गांवचा माणूस नाहींसा होतो. जाडेंभरडें, धुवून विटलेलें, कोणाचें पांढरें तर कोणाचें मातकट असें कापड त्यांच्या अंगावर चढवावें. खर्च कमीच लागेल, आणि ज्यांनीं खरोखर लढाया केल्या त्यांचें दर्शन प्रेक्षकांस अधिक जवळून घडेल.