नेट गेलं तरी शाखेचा फोन चालू कसा ठेवायचा?

पावसाळ्यात लाईट जाते, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तुटते आणि पतसंस्थेच्या किंवा दूध संघाच्या शाखेतला फोन मुका होतो. मुख्य कार्यालयाला विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही आणि लांबून आलेला माणूस माघारी जातो. थोडी तयारी केली तर हे टळते.

जुना फोन चालायचा, हा का नाही?
जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच ४८ व्होल्ट वीज यायची, म्हणून गावात लाईट नसली तरी फोन वाजायचा. इंटरनेट फोनला मात्र फायबरचा डबा, राऊटर आणि फोन अशा तिन्हींना वीज लागते. एक बंद पडला की सगळं बंद.

आधी वीज
या तिघांना मिळून साधारण ३० वॉट लागतात. १२ व्होल्ट, ७ एएचच्या बॅटरीचा यूपीएस नवा असेल तर दोनेक तास निघतात. त्यावर प्रिंटर किंवा पंखा लावू नये. नुसता इन्व्हर्टर असेल तर लाईट जाताना राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो का, ते पाहावे.

मग दुसरी लाईन
सिम टाकता येणारा राऊटर घ्यावा. फायबर गेले की तो आपोआप मोबाईल नेटवर जातो. सिम फायबरवाल्या कंपनीचे नको, कारण तिचा टॉवरही त्याच तारेवर असू शकतो. एका कॉलला जाताना-येताना प्रत्येकी ९० केबीपीएसच्या आसपास पुरतात, त्यामुळे रेंज स्थिर असेल तर साधे ४जीही चालते.

इथे बरेच जण फसतात
लाईन बदलली की फोनला सर्व्हरवर पुन्हा नोंदणी करावी लागते. ती मुदत बऱ्याच ठिकाणी ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. तेवढा वेळ बाहेरचे कॉल शाखेत वाजतच नाहीत. सेवा देणाऱ्याला सांगून ती ३०० सेकंदांवर आणावी.

शेवटचा आधार
फोन सर्व्हरला सापडला नाही तर कॉल शाखेच्या मोबाईलवर वळवावा, ही सोय मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर आधीच लावून ठेवावी. नेट गेल्यावर ती शाखेतून लावता येत नाही. तातडीच्या वेळी ११२ किंवा १०८ ला मोबाईलवरूनच फोन करावा.

महिन्यातून एकदा तपासणी
गर्दी नसताना फायबरची वायर १० मिनिटे काढावी. फोन लागतो का, बाहेरून येतो का, हे दोन्ही पाहावे. नंतर मेन स्विच बंद करून बॅटरी किती टिकते ते वहीत लिहावे. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी. सिमचे रिचार्ज कोणी आणि कधी करायचे, तेही त्याच वहीत असावे. ऐन वेळी रिचार्ज संपलेले निघाले तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.