गोकर्ण : पायी सागरभ्रमंतीचे नियोजन

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील गोकर्ण हे क्षेत्र महाबळेश्वराच्या मंदिरामुळे महाराष्ट्रातील भाविकांना परिचित आहे. गावाच्या दक्षिणेस कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज हे किनारे ओळीने असून टेकड्यांवरील पायवाटांनी ते जोडलेले आहेत. सहल कंपनीच्या मदतीविनाही ही भ्रमंती करता येते. मात्र अंतर थोडे म्हणून तयारीत हयगय नको.

कधी जावे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. तेव्हा निवासाची सोय आधीच करावी. पावसाळ्यात खडक निसरडे आणि समुद्र खवळलेला असतो.

कसे जावे : कोकण रेल्वेचे गोकर्ण रोड हे जवळचे स्थानक. तेथे गाडी थांबत नसल्यास अंकोला किंवा कुमटा येथे उतरून रस्त्याने जावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. सुट्ट्यांत जाणाऱ्यांनी ती तारीख टिपून ठेवावी.

चालताना : ओमपर्यंत मोटाररस्ता आहे, तेथून हाफ मूनकडे पायवाटच. टेकड्यांवर सावली कमी असल्याने सकाळी लवकर निघावे आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी सोबत घ्यावे. परतीची होडी मिळेलच, असे गृहीत धरू नये. जाण्यास लागला तेवढा वेळ सूर्यास्तापूर्वी हाती राखून माघारी वळावे. खडकाळ किनाऱ्यावर अनोळखी पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते.