लाल रंगातला सामुराई

ऑनलाइन ‘सामुराई पोस्टर’ शोधलं की तलवार उपसलेले, भुवया ताणलेले वीर रांगेनं समोर येतात. त्यातले बरेचसे कुनियोशी किंवा योशितोशी यांचे. माझ्या टेबलामागेही एक आहे. राउटरची वायर झाकायला बरं पडतं.

एदो काळातल्या जपानमध्ये ही चित्रं चैनीची वस्तू नव्हती. चित्रकार रेखाटन करायचा, दुसरा ते चेरीच्या फळीवर कोरायचा, तिसरा एकेका रंगाची फळी घेऊन छापायचा. पैसा प्रकाशकाचा. प्रती भरपूर निघत, त्यामुळे साध्या कारागिरालाही चित्र परवडायचं. लोक ते खांबाला, पडद्याला चिकटवत.

मला मात्र ‘होसो-ए’ सोडवत नाहीत. म्हणजे देवीच्या रोगाची चित्रं. घरात मुलाला देवी आल्या की लाल रंगात छापलेलं चित्र त्याच्याजवळ लावायचे. लाल रंगानं हा रोग नरमतो, अशी समजूत. (आपण तर रोगालाच ‘देवी’ म्हटलं!) त्या चित्रांत दारुमा असे, भूतं मारणारा शोकी असे आणि मिनामोतो नो तामेतोमो. हा 12व्या शतकातला धनुर्धर. 1156च्या होगेन बंडात त्याचा पक्ष हरला आणि त्याला इझूच्या बेटांवर हद्दपार केलं. तिथल्या हाचिजो बेटावर त्यानं देवीच्या देवाला पाऊल ठेवू दिलं नाही, अशी दंतकथा. हरलेला, हद्दपार झालेला माणूस तापानं फणफणलेल्या पोराचा राखणदार झाला.

मूल बरं झालं की चित्र जाळायचं किंवा नदीत सोडायचं. म्हणून आज ती फार थोडी उरली आहेत. उरलेलं एखादं पाहिलं की मी अडखळतो. ते विकलंच गेलं नसेल का? की जाळायची वेळच आली नाही?

मुंबईत देवीची लस 1802मध्ये पोचली, तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचली गेली. जपाननं दारं मिटलेली. तिथे उपयोगी पडेल अशी लस नागासाकीला उतरली ती 1849मध्ये, डच जहाजातून. मधली सत्तेचाळीस वर्षं पोरांच्या उशाशी होता तो कागदी तामेतोमोच.

योशितोशीनं 1890मध्ये त्याला पुन्हा काढलं, समोरून देवीचे देव पळताहेत. तोवर लस येऊन चाळीस वर्षं उलटली होती.